कॅनडातल्या चित्रकारांची दप्तरं: शोधायची कुठे, वाचायची कशी

२०१५ साली व्हँकुव्हर आर्ट गॅलरीला जे. ई. एच. मॅकडोनाल्डच्या नावाची दहा छोटी तैलचित्रं मिळाली. मॅकडोनाल्ड हा 'ग्रुप ऑफ सेव्हन'चा संस्थापक सदस्य. १९२० साली टोरांटोत एकत्र प्रदर्शन भरवून कॅनडाच्या निसर्गचित्राला स्वतःची ओळख देणाऱ्या सात जणांपैकी एक. ही चित्रं थॉर्नहिलच्या त्याच्या घरामागे जमिनीत पुरून ठेवली होती आणि १९७०च्या दशकात खणून काढली, अशी त्यांची कहाणी सांगितली जात होती. जाणकारांनी तेव्हाच भुवया उंचावल्या. पुढे ओटावाच्या कॅनेडियन कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटने रंग तपासले. मॅकडोनाल्ड वारला १९३२ मध्ये, आणि या चित्रांत निघाली त्याच्या हयातीत मिळतच नसलेली रंगद्रव्यं. डिसेंबर २०२३ मध्ये गॅलरीने ती चित्रं झाकून न ठेवता त्यांचंच प्रदर्शन मांडलं. अशी हिंमत फार संस्था दाखवत नाहीत.

रंगाचं वय प्रयोगशाळा सांगते. पुरलेल्या चित्रांच्या कहाणीवर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न मात्र कागदपत्रांचा आहे. मॅकडोनाल्डची पत्रं, डायऱ्या, वह्या ओटावाच्या लायब्ररी अँड अर्काइव्ह्ज कॅनडामध्ये आहेत. त्या वर्षांत तो काय लिहीत होता, चित्रं कुणाकडे जात होती, त्याचं 'जे' आणि 'एम' कसं वळत होतं, हे तिथे बसून ताडून पाहता येतं. चित्रकाराचे कागद जपण्याचं सगळ्यात रोकडं कारण हेच.

फाईल वेगळी, दप्तर वेगळं

शोधाला निघालेला माणूस पहिल्यांदा अडखळतो तो इथे. एखाद्या कॅनेडियन चित्रकाराचं नाव टाकलं की दोन अगदी वेगळ्या गोष्टी समोर येतात. पहिली म्हणजे 'आर्टिस्ट फाईल'. ग्रंथालयाने वर्षानुवर्षं जमवलेली वर्तमानपत्री कात्रणं, प्रदर्शनांची निमंत्रणं, किंमतपत्रकं, चार पानी कॅटलॉग असा ऐवज एका पाकिटात घातलेला असतो. त्यात चित्रकाराने स्वतः ठेवलेलं बहुधा काहीच नसतं. कोणत्या ग्रंथालयात कुणाची फाईल आहे याची 'आर्टिस्ट्स इन कॅनडा' नावाची सामायिक यादी नॅशनल गॅलरी ऑफ कॅनडाच्या ग्रंथालयाने तयार केली आणि ती इंटरनेटवर पाहता येते. अप्रसिद्ध नावासाठी सुरुवात तिथूनच करावी. जन्म-मृत्यूची वर्षं, नावाची पर्यायी रूपं आणि फाईल असलेल्या संस्था एका नोंदीत मिळतात.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या माणसाने जगता-जगता साठवलेले कागद: आलेली पत्रं, हिशेबाच्या वह्या, स्केचबुकं, व्याख्यानांचे कच्चे खर्डे, घरभाड्याच्या पावत्या, फोटो. हा अख्खा संच कॅनडातल्या अभिलेखागारांत 'फाँ' या नावाने नोंदवतात. आपण त्याला दप्तर म्हणू. दप्तराचे दोन नियम आहेत आणि बाकीचं सगळं त्यांच्यातून निघतं. एका माणसाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, आणि त्याने ज्या क्रमाने ठेवले तो क्रम मोडायचा नाही. चित्रकाराने दुकानदाराची बिलं आणि त्याच आठवड्यातली स्केचं एका पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकली असतील, तर ती शेजारी-शेजारी राहायला हवीत. कुठला रंग कधी विकत घेतला आणि कुठल्या स्केचमध्ये वापरला, हे त्या शेजारामुळेच कळतं. एखाद्या उत्साही नातेवाईकाने सगळं तारीखवार 'नीट' लावून दिलं की हा पुरावा जातो आणि परत येत नाही.

सूची वाचताना

कॅनडात १९९०पासून अशा नोंदी एका समान नियमावलीने लिहितात. वरून खाली पायऱ्या अशा: दप्तर, मालिका, फाईल, सुटा कागद. दप्तराच्या पातळीवर चरित्र, आकारमान, कागद संस्थेकडे कसे आले आणि पाहण्यावर काय निर्बंध आहेत हे असतं. मालिकेच्या पातळीवर 'पत्रव्यवहार', 'प्रदर्शनं', 'छायाचित्रं' असे गट. फाईलला शीर्षक आणि वर्षं. सुट्या कागदापर्यंत नोंद क्वचितच पोहोचते, कारण तेवढी माणसं कुठल्याच संस्थेकडे नसतात. म्हणून एखाद्या पत्राचा शोध घेताना त्यातला शब्द शोधचौकटीत टाकून काही हाती लागलं नाही, तर पत्र नाही असा अर्थ काढू नये. ते 'पत्रव्यवहार, १९२७–१९३१' या एका ओळीच्या आत बसलेलं असू शकतं.

आकारमान मीटरमध्ये देतात. तेवढी फळी त्या खोक्यांनी व्यापली, असा त्याचा अर्थ. समजा नोंदीत '२.४ मीटर कागदपत्रं' असं लिहिलंय. एका मीटरमध्ये ढोबळ मानाने सहा-सात हजार कागद मावतात, म्हणजे हे पंधरा हजारांच्या आसपास झाले. दोन दिवसांच्या भेटीत ते वाचून होणार नाहीत. निघण्यापूर्वीच मालिका निवडा आणि खोक्यांचे क्रमांक लिहून ठेवा. बऱ्याच ठिकाणी खोकी मुख्य इमारतीत नसतात. लायब्ररी अँड अर्काइव्ह्ज कॅनडाचा बराचसा संग्रह नदीपलीकडे गातिनोच्या जतनकेंद्रात असतो, तिथून तो मागवावा लागतो. टोरांटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारियोत ई. पी. टेलर लायब्ररी अँड अर्काइव्ह्ज आहे. तिथेही आधी कळवून वेळ घेणं शहाणपणाचं.

कुठली संस्था हे ठाऊक नसेल तर प्रांतवार पोर्टलं आहेत: ब्रिटिश कोलंबियासाठी 'मेमरीबीसी', ऑन्टारियोसाठी 'आर्केयन', आणि देशभरासाठी 'आर्काइव्ह्ज कॅनडा'. १९२५पूर्वी जन्मलेल्या स्त्री-चित्रकारांसाठी माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातला 'कॅनेडियन विमेन आर्टिस्ट्स हिस्टरी इनिशिएटिव्ह' हा वेगळा आणि फार उपयोगी साठा आहे.

पत्र असतं ते ज्याला मिळालं त्याच्याकडे

ही एवढी गोष्ट डोक्यात पक्की बसली तरी निम्मा शोध सोपा होतो. माणूस स्वतः लिहिलेली पत्रं टपालात टाकतो आणि त्याच्याकडे उरतात ती आलेली. कार्बन कॉपी ठेवणारे चित्रकार विरळा. म्हणून एमिली कारने काय लिहिलं हे वाचायचं तर केवळ एमिली कारच्या दप्तरात जाऊन भागत नाही. व्हिक्टोरियात जन्मलेली आणि तिथेच १९४५ मध्ये वारलेली ही चित्रकार-लेखिका. तिचे कागद व्हिक्टोरियाच्या बी. सी. अर्काइव्ह्जमध्येही आहेत आणि ओटावातही. पण मैत्रीण नॅन चेनीला तिने लिहिलेली पत्रं आहेत व्हँकुव्हरच्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात, चेनीच्या दप्तरात. तेव्हा ज्या चित्रकारावर काम करायचं त्याच्या मित्रांची, विक्रेत्यांची, बहिणींची, आणि त्याला पैसे देणाऱ्यांची नावं आधी लिहून काढा आणि त्या प्रत्येकाचं दप्तर शोधा. संस्थांची स्वतःची कागदपत्रंही विसरू नका. नॅशनल गॅलरीने चित्रकाराशी केलेला पत्रव्यवहार गॅलरीच्या प्रदर्शन-फाइलींत असतो, आणि तिथे बाहेर गेलेल्या पत्रांच्या प्रतीही सापडतात, कारण कार्यालयं कॉपी ठेवतात.

कारच्या बाबतीत आणखी एक खबरदारी. तिचं शुद्धलेखन आणि विरामचिन्हं तिच्या मर्जीची होती आणि छापताना संपादकांनी ती सरळ केली. तिच्या १९४१च्या पहिल्या पुस्तकातून पुढे १९५१च्या शालेय आवृत्तीत काही मजकूर, विशेषतः मिशनऱ्यांवरचा, कापला गेला आणि तो कितीतरी दशकं तसाच गायब राहिला. छापील पानावरून तिची मतं ठरवणाऱ्याने हाताशी कुठली आवृत्ती आहे ते पाहावं, आणि मूळ हस्तलिखित कुठे आहे तेही.

नावं हा दुसरा सापळा. पेगी निकॉलचं लग्न १९३६ मध्ये झालं आणि पुढचे कागद पेगी निकॉल मॅक्लाउड या नावाने आहेत. दोन्ही नावांनी शोधलं नाही तर अर्धं आयुष्य निसटतं. इनुइट, म्हणजे कॅनडाच्या अतिउत्तरेतल्या मूळ रहिवासी कलावंतांच्या बाबतीत गुंता याहून मोठा आहे. त्यांच्यात आडनाव लावायची रीत नव्हती. कॅनडा सरकारने १९४०च्या दशकात प्रत्येकाला एक क्रमांक दिला, तो कोरलेली नाण्याएवढी चकती दिली, आणि १९७०च्या आसपास ही पद्धत मोडीत काढून आडनावं नोंदवली. 'ई' म्हणजे पूर्व, 'डब्ल्यू' म्हणजे पश्चिम, पुढे विभाग आणि मग माणसाचा क्रमांक. केप डॉर्सेटचा, म्हणजे आजच्या किन्गाइटचा, विभाग 'ई ७'. जुन्या दगडी शिल्पाच्या तळाशी नावाऐवजी कधी हा क्रमांक कोरलेला दिसतो, तर कधी इनुक्टिटुट या त्यांच्या भाषेच्या अक्षरचिन्हांत सही. रोमन लिपीतली स्पेलिंगं तर कारकुनागणिक बदलतात. एका कलावंताच्या नावाची तीन-चार रूपं, चकतीचा क्रमांक आणि वस्तीचं जुनं-नवं नाव असा तक्ता आधी करून घेतल्याशिवाय सूचीत हात घालू नये.

किन्गाइटचं प्रकरण आणखीही एका अर्थाने वेगळं आहे. तिथल्या सहकारी संस्थेने १९५९पासून दरवर्षी ठशांच्या चित्रांचा संच बाजारात आणला. कलावंत कागदावर चित्र काढून आणत, संस्था ते विकत घेई, आणि त्यातली निवडक मोजकी चित्रं दगडावर कोरून छापली जात. न छापलेली चित्रं साठत गेली. ती जवळपास ९०,००० चित्रं आज टोरांटोजवळच्या क्लाइनबर्ग इथे मॅकमायकल संग्रहालयात दीर्घ मुदतीच्या उसनवारीने ठेवली आहेत. केनोजुआक अशेवाक किंवा पिट्सिओलाक अशूना यांची कला ठशांवरून जोखणारा माणूस खरं तर निवड समितीची आवडही त्यात धरून जोखत असतो. कागदावरच्या चित्रांत त्यांचा स्वतःचा हात दिसतो.

फळीची पाठ

आता एक वस्तू जवळून पाहू. निसर्गचित्रकार टॉम थॉमसन जुलै १९१७ मध्ये अल्गोन्क्विन पार्कातल्या कनू लेकमध्ये बुडून गेला, वयाच्या ३९व्या वर्षी. मागे साधारण ४०० लहान तैलस्केचं उरली, बहुतेक २१.६ बाय २६.७ सेंटिमीटरच्या आसपासच्या लाकडी फळ्यांवर. मित्रांनी ती एकत्र केली, आणि वारसाहक्कात आलेल्या चित्रांवर उमटवायला एक शिक्का तयार केला. दोन 'टी' आणि खाली १९१७. शिक्क्याची रचना मॅकडोनाल्डची.

अशी फळी उलटली की पाठीवर शिक्का, कुणीतरी पेन्सिलने लिहिलेलं शीर्षक, एखादा क्रमांक, मालकाचं नाव, फ्रेमवाल्याचं लेबल असा थर दिसतो. प्रत्येक ओळ वेगळ्या हाताची असू शकते. शीर्षकं बऱ्याचदा थॉमसनची नसतात, नंतर कुणीतरी दिलेली असतात. वर्ष आठवणीने घातलेलं असतं. आणि सगळ्यात हमखास होणारी चूक: शिक्क्यातलं १९१७ हे चित्र रंगवल्याचं साल म्हणून धरलं जातं. शिक्क्याचा अर्थ एवढाच की मृत्यूच्या वेळी हे चित्र त्याच्या मालमत्तेत होतं. ज्यावर शिक्का नाही ते नकली असंही नव्हे, ते त्याने हयातीतच कुणाला दिलेलं असू शकतं. आणि शिक्का आहे म्हणून अस्सल असंही नाही. शिक्का बनवता येतो. त्यामुळे पाठीवरचं हस्ताक्षर कुणाचं हे ओळखायला पुन्हा त्या-त्या माणसाच्या दप्तरातली पत्रं काढावी लागतात.

वाचनकक्षात

पेन चालत नाही, पेन्सिल चालते. पिशवी बाहेर लॉकरमध्ये. एका वेळी एक खोकं आणि खोक्यातून एकच फाईल. ती काढताना तिच्या जागी पुठ्ठ्याची खूणपट्टी उभी लावायची, नाहीतर परत ठेवताना क्रम चुकतो. साध्या कागदाला हातमोजे लागत नाहीत. धुतलेले कोरडे हात बरे, कारण मोज्यात बोटांना कागदाची कड जाणवत नाही आणि ती फाटते. फोटो आणि निगेटिव्हसाठी मात्र नायट्राइलचे मोजे घालावेत. मोबाइलने फोटो काढू देतात, फ्लॅशशिवाय. प्रत्येक फाईलचा पहिला फोटो तिच्या लेबलचा काढा. हे न केलेल्या माणसाकडे सहा महिन्यांनी चारशे सुंदर फोटो असतात आणि त्यातलं एकही पत्र कुठून आलं हे सांगता येत नाही.

कागद खराब होतात ते बहुधा शेजाऱ्यांमुळे. वर्तमानपत्राचं कात्रण आम्लयुक्त असतं, त्याचा तपकिरी डाग दोन्ही बाजूंच्या पत्रांवर उतरतो. म्हणून कात्रणं वेगळी करतात किंवा आम्लरहित कागदावर त्यांची प्रत काढून ठेवतात. टाचण्या आणि क्लिपा गंजतात, रबरबँड वितळून चिकटतात, सेलोटेप पिवळी पडून शाईच ओढून घेते. पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट पत्राला उत्तम, पण कोळशाच्या किंवा पेस्टलच्या चित्राला घातक. स्थिर विजेने रंगाची भुकटी प्लास्टिकला जाऊन चिकटते. कोठारात १८ ते २० अंश सेल्सियस आणि ३५ ते ५० टक्के आर्द्रता ठेवतात, आणि आकड्यापेक्षा तो स्थिर राहणं महत्त्वाचं. १९५०च्या आधीच्या नायट्रेट फिल्म पेट घेऊ शकतात, त्या वेगळ्या ठेवतात. अॅसिटेट फिल्मला व्हिनेगरचा वास आला की ती सडायला लागली, आणि हा सडका शेजारही बाकीच्यांना लागतो. १९७०नंतरच्या कलावंतांच्या व्हिडिओ टेपांचं दुखणं निराळं. फितीवरचा लेप चिकट होतो, आणि ती चालवणारं यंत्रच दुर्मिळ झालेलं असतं.

छापायचं असेल तर

कागद संस्थेच्या मालकीचा असला म्हणजे मजकुराचा हक्कही तिचा असतो असं नाही. पत्राचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या वारसांकडे राहतो. कॅनडात २०२२च्या अखेरीपर्यंत मुदत होती मृत्यूनंतर ५० वर्षं, आता ७० आहे. पण जी मुदत आधीच संपली ती पुन्हा सुरू झाली नाही. 'ग्रुप ऑफ सेव्हन'मधला लॉरेन हॅरिस १९७० मध्ये गेला, त्यामुळे त्याची चित्रं २०२१पासून कॅनडात मुक्त आहेत. त्याचाच साथीदार ए. वाय. जॅक्सन १९७४ मध्ये गेला. जुन्या कायद्याने त्याची चित्रं २०२५ मध्ये मोकळी झाली असती, नव्याने ती २०४४ संपेपर्यंत अडकली.

इथे एक गाठ आहे जी अनुभवी संशोधकांनाही चकवते. अप्रकाशित लिखाणाला वेगळा नियम लागतो. लेखक १९४९ ते १९९८ या काळात वारला असेल आणि १९९८ सरेपर्यंत मजकूर छापलेला नसेल, तर त्यावर २०४८ संपेपर्यंत हक्क राहतो. म्हणजे हॅरिसचं चित्र आज परवानगीशिवाय छापता येईल, आणि त्याचं अप्रकाशित पत्र अख्खं छापायला वारसांकडे जावं लागेल. त्याउलट कार आणि मॅकडोनाल्ड १९४९पूर्वी गेले, त्यांचा असा मजकूर २००४पासून खुला आहे. फोटो १९४९पूर्वी काढलेला असेल तर कॅनडात तो मुक्त. भारतात छापणाऱ्याने आपल्याकडची ६० वर्षांची मुदतही तपासावी.

जिवंत कलावंतांच्या बाबतीत फुकट वापराची सवय तर सोडूनच द्यावी. १९६०च्या दशकात नॅशनल गॅलरीने चित्रांच्या प्रतिमा मोबदल्याशिवाय वापरायची परवानगी मागितली, तेव्हा ऑन्टारियोतल्या लंडन शहरच्या चित्रकार जॅक चेंबर्सने नकार दिला आणि १९६८ मध्ये कलावंतांची संघटना उभी केली. तिचे दरपत्रक आजही तिथे प्रमाण मानतात.

मुंबईकडचा धागा

मराठी वाचकाला जवळचं दप्तर हवं असेल तर पी. मनसाराम यांचं घ्या. जन्म १९३४चा, माऊंट अबूचा. शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात, म्हणजे आपल्या 'जेजे'त. १९६६ मध्ये कॅनडाला गेले आणि २०२०पर्यंत तिथेच कोलाज, छायाचित्र, फिल्म अशा मिश्र माध्यमांत काम करत राहिले. त्यांच्या कामाचा मोठा संग्रह टोरांटोच्या रॉयल ऑन्टारियो म्युझियममध्ये आहे. वरच्या नियमाने पाहिलं तर तिकडे गेलेल्या अशा कुणाही चित्रकाराने मागे राहिलेल्यांना लिहिलेलं जे काही आहे, ते टोरांटोत नसणार. असलंच तर ते मुंबई-पुण्यातल्या त्यांच्या सोबत्यांच्या घरी असणार.

तुमच्या घरात अशी पत्रं असतील तर लॅमिनेशन करू नका, तारीखवार लावू नका, टाचण्या तेवढ्या हलक्या हाताने काढा. संस्थेला लिहिताना किती खोकी, कुठली वर्षं, कुणाची पत्रं, आणि ती तुमच्याकडे कशी आली एवढं कळवलं की पुरे. आणि तिकिटांसाठी लिफाफे कापून देऊ नका. पत्रावर तारीख नसली तरी ती लिफाफ्यावरच्या टपाल शिक्क्यात असते.